बंपरला कल्हई

स्टीलचं ताट फरशीवर पडल्याचा आवाज आला की आमच्या घरात हातातली कामं थांबायची. गंगाखेडच्या आमच्या गल्लीत तो आवाज आधी एका घरातून आला, मग दुसऱ्या-तिसऱ्या घरातून, आणि पुढं तर प्रत्येक लग्नाच्या आहेरातूनच यायला लागला. पितळेचं भांडं पडलं तर घुमतं, पडल्यावरही थोडा वेळ स्वतःशी बोलत राहतं. स्टीलचं एकदाच ओरडतं आणि गप्प होतं. माझे वडील कल्हईवाले होते. तांब्यापितळेच्या भांड्याला आतून कथलाचा पातळ थर द्यायचा, म्हणजे त्यात ठेवलेलं ताक किंवा आंबट वरण कळकत नाही, हा त्यांचा धंदा. स्टीलला कल्हई लागत नाही. आमच्या घराचं पुढं काय होणार हे सांगायला एवढं वाक्य पुरेसं होतं, म्हणूनच बहुधा ते घरात कुणी उच्चारत नव्हतं.

त्यांचं नाव रुद्राप्पा. आम्ही लिंगायत. आजोबांचा तेलाचा घाणा बसला तेव्हा अप्पा हैदराबादेहून आलेल्या एका म्हाताऱ्या उस्तादाकडे कल्हई शिकले आणि उस्तादाचा भाताही पुढं त्यांच्याकडेच आला. गळ्यात पांढऱ्या फडक्यात बांधलेलं इष्टलिंग असायचं. नवसागराचा धूर उठायच्या आधी ते फडकं ते सदऱ्याच्या आत सरकवायचे, जसं लहान मुलाचं तोंड पदराआड घ्यावं तसं. अंगणात जमिनीतच खड्डा, त्यात कोळसा, आणि कातडी भात्याचा दमेकऱ्यासारखा आवाज. भांडं तापलं की चिमूटभर नवसागर, पांढऱ्या धुराचा लोट, कथलाच्या कांडीचा एक स्पर्श, आणि कापसाच्या बोळ्यानं तो चंदेरी थेंब साऱ्या भांड्यात फिरवायचा. मग पाण्यात बुडवताना चर्र. माय म्हणायची, "तुझ्या बापाच्या खोकल्यावर तू बी.एस्सी. करायलास, ध्यानात ठिव." ती हे रागानं नाही, हिशोब सरळ असावा म्हणून म्हणायची. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि कारळाची चटणी एवढ्यावर आमचं घर चालायचं, आणि परभणीच्या कॉलेजात जाणारा मी, बसू, घराण्यातला पहिलाच. पुस्तकं मिळाली, फी भरली गेली, एका सरांनी स्वतःचा कोट दिला. त्या सगळ्यांचे उपकार मी विसरलेलो नाही.

येळवशीच्या आधी आमच्या अंगणात भांड्यांची रांग लागायची. मार्गशीर्षातली ही अमावास्या आमच्या भागात शेतात साजरी होते. आंबील, भज्जी, उंडे घेऊन लोक शेतावर जातात, येईल त्याला जेवू घालतात. आंबील आंबट, म्हणून घागरी-पातेल्यांना त्याआधी कल्हई हवीच. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो त्या साली येळवस महिन्यावर आली तरी अंगणात सातच भांडी होती, त्यातली दोन आमचीच. मामा परभणीहून आला. तिथल्या एका गोदामावर राखणदाराची जागा होती. "दाजी, बसून खायचं काम हाय," तो म्हणाला. "येळवशीनंतर मालकाला सांगायचंय. हो म्हणा." अप्पांनी भात्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बसून तर हितंबी हाव की." मामा हसला. माय हसली नाही. तिनं फक्त विचारलं, "येळवशीनंतर म्हंजे दुसऱ्याच दिवशी का?"

याच दिवसांत बापूची गाडी आली. बापू म्हणजे नदीकाठच्या एका बागायतदाराचा मुलगा. औरंगाबादेत इंजिनिअरिंग अर्धवट टाकून तो परत आला होता आणि माझ्याच कॉलेजात नाव घालून बसला होता. आम्ही एकाच पॅसेंजरनं जायचो. त्यानं कुठल्याशा परदेशी मासिकात वाळूत पळणाऱ्या उघड्या गाडीचं चित्र पाहिलं होतं. हैदराबादेहून पाठीमागं इंजिन असलेली एक जुनी मोटार आणून त्यानं तिचं वरचं सगळं धड कापून काढलं, नळ्यांचा सांगाडा वेल्डिंग करून घेतला, मागं रुंद चाकं बसवली. हिवाळ्यात गोदावरी आटली की मैलभर वाळू मोकळी पडते, तिथं ती पळवायची. त्याच्या तोंडात एकच शब्द, 'डून बग्गी'. मायला मी सांगितलं तर ती म्हणाली, "बग्गी व्हय? मग घोडं कुठाय?"

येळवशीला बापूच्या काकांच्या शेतात परभणी-परळीकडचे ट्रकवाले, खडीवाले, ठेकेदार जेवायला येणार होते. त्यांच्यासमोर बापूला ती गाडी वाळूत उतरवायची होती. सगळं झालं होतं, फक्त पुढचा आणि मागचा बंपर नव्हता. जुन्या मोटारीचे बंपर गंजून चाळणी झालेले. नवीन नळ्या घेऊन मुलामा करायला पाठवायच्या तर महिन्याच्या आत परत येत नाहीत. "चमकला पायजे रे, नुसता रंग नको," बापू पॅसेंजरमध्ये खिडकीशी बसून म्हणाला. आणि मी विचार न करता म्हणालो, "आमचे अप्पा चमकवतील."

अप्पांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "कल्हई आतून असती, बसू. माणसाच्या पोटासाठी. गाडीला कुठं पोट हाय?"

"अप्पा, गंगाखेडात ट्रक किती झालेत बघा. भांडी कमी झाली तर बंपर वाढायलेत. येळवशीला सगळे ट्रकवाले येणार हायेत. एकदा बघितलं की स्वतःहून आणून टाकतील तुमच्या अंगणात."

अप्पांनी खड्ड्यातला विझलेला कोळसा काडीनं बाजूला सारला. मग मायला म्हणाले, "तुझ्या भावाला सांग, थांब म्हणावं." आमच्या घरातली सगळी आशा त्या दिवशी त्या दोन बंपरवर येऊन बसली, आणि ती तिथं मी बसवली होती.

बंपरची नळी शोधायचं काम बापूनं आमच्यावरच टाकलं. परभणीत भंगारवाल्या जब्बारभाईंकडे अप्पांची जुनी ओळख. जब्बारभाईंनी नळी मागणारा कल्हईवाला आयुष्यात पाहिला नव्हता. "क्या रुद्राप्पा, अब नळी में आंबील पकाते क्या?" ते म्हणाले. ढिगातून अप्पा एकेक नळी उचलायचे, नखानं टिचकी मारून कान लावायचे. पातळ नळी तापली की वाकते, जाड नळी सगळीकडे सारखी तापत नाही. जब्बारभाईंच्या सगळ्या ढिगात त्यांना एकही पसंत पडली नाही. पट्ट्या, नटबोल्ट आणि नळीच्या टोकाला लावायच्या चार टोप्या तेवढ्या मिळाल्या. "पेडगाव को जाओ," जब्बारभाई म्हणाले. "बंद पडेला तेल का कारखाना है. वहाँ की नळी, माशाल्ला. मेरे पास का माल तुमकू नक्को."

पेडगावला नळ्या मिळाल्या. दोन, सारख्या जाडीच्या, वरून गंज पण आतून धड. अप्पांनी टिचकी मारली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा उजळला. पण परतायला बस नव्हती. विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते. आज मोर्चा, उद्या त्याच्या विरोधातला बंद, आणि मधल्या दिवशी अफवा. गाडीचा भरवसा नाही म्हणून आम्ही एकेक नळी खांद्यावर टाकून परभणीच्या वाटेनं चालत निघालो. शहराच्या अलीकडे पोलिसांनी अडवलं. त्या दिवसांत दोन माणसं खांद्यावर लोखंड घेऊन चालतायत म्हटल्यावर अडवणारच.

"काय रे, हे कशाला?" हवालदारानं विचारलं.

"गाडीचा बंपर हाय, साहेब," अप्पा म्हणाले.

"गाडी कुठंय?"

"गाडी गंगाखेडला हाय."

"म्हंजे गाडी घरी आन बंपर पायी चाललाय?" तो दुसऱ्या पोलिसाला म्हणाला. दोघं हसले. मग त्यानं माझं आडनाव विचारलं, अप्पांच्या गळ्यातलं फडकं पाहिलं, आणि जा म्हणाला. त्या वेळी सुटल्याचं मला इतकं बरं वाटलं की मागं वळूनही पाहिलं नाही. आज वाटतं, वेगळं आडनाव सांगणाऱ्या माझ्या वर्गातल्या एखाद्या मुलाच्या खांद्यावर तीच नळी असती तर त्याला काय उत्तर देता आलं असतं? तेव्हा हा प्रश्न माझ्या मनातही आला नाही. नळी दुखऱ्या खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली, एवढंच आठवतं.

पुढचे दहा दिवस आमच्या अंगणात जे चाललं ते बघायला गल्लीतली माणसं उभी राहायची. लोखंडाला कल्हई सहज धरत नाही. त्याचा गंज, तेलाचा अंश, सगळं उतरवावं लागतं. अप्पांनी नळ्या आधी विटेच्या भुकटीनं घासल्या, मग चिंचेच्या कोळानं, मग सोनाराकडून आणलेल्या तेजाबानं. मी काचकागद घेऊन बसायचो. हाताची सालं निघाली. नळीला बाक द्यायला ती वाळूनं ठासून भरली, म्हणजे वाकताना चेमटत नाही, आणि लिंबाच्या खोडाच्या बेचक्यात अडकवून तापवत तापवत वाकवली. टोप्या कानशीनं घासून अशा बसवल्या की सांध्यावरून नख फिरवलं तर अडकत नव्हतं. चार फुटी नळीला गोल खड्डा पुरेना, म्हणून अंगणात चर खणला. मायनं तुळशीजवळची जागा दिली नाही, म्हणून तो चर न्हाणीच्या दारापर्यंत गेला आणि आम्ही आठवडाभर उडी मारून अंघोळीला जायचो. शेजारचे काका म्हणायचे, "रुद्राप्पा, ही कुणाची कबर?" अप्पा भाता ओढता ओढता म्हणायचे, "अजून ठरलं न्हाई."

पुढचा बंपर आधी झाला. पहिला प्रयत्न फसला, कथील थेंब-थेंब होऊन घरंगळलं. दुसऱ्यांदा अर्धवट धरलं. तिसऱ्यांदा अप्पांनी मला भात्यावर बसवलं, आणि नळी हातभर तापली की नवसागर, कथील, बोळा, मग पुढचा हातभर, असं करत ते टोकापर्यंत गेले. खोकत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हात थांबत नव्हता. पाणी ओतलं, वाफ गेली, आणि अंगणात चांदीची कांब पडल्यासारखी ती नळी पडली होती. माय दारातून म्हणाली, "ह्यात तर तोंड दिसायलंय." खरंच दिसत होतं, ताणलेलं, लांबोडकं. अप्पांनी स्वतःचं तोंड पाहिलं नाही. त्यांनी मला बोलावून दाखवलं.

मागच्या बंपरची गोष्ट मला लिहायची आहे म्हणून हे प्रकरण लिहितो आहे.

मागची नळी चरावर ठेवण्याच्या दोन दिवस आधी मी बापूच्या शेडमध्ये माप घ्यायला गेलो होतो. त्यानं धुराची नळी कापून आखूड केली होती, आवाज मोठा यावा म्हणून. ती बंपरच्या जागेवर थेट रोखलेली होती, मध्ये चार बोटांचं अंतर. मी ते पाहिलं. मी पदार्थविज्ञानाचा विद्यार्थी होतो. कथील दोनशे बत्तीस अंशाला वितळतं हे मला पाठ होतं. पुढं मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं, आणि तो आकडा दरवर्षी फळ्यावर लिहिताना माझी पाठ मुलांकडे असायची, याचं मला बरं वाटायचं. त्या दिवशी मी शेडमध्ये उभा राहून हिशोब केला. वाळूत दोन-चार फेऱ्या, पाच मिनिटं. वारं लागेल. इतकं तापणार नाही. बापूला नळी बदल म्हणालो असतो तर तो म्हणाला असता, मग राहू द्या, मी रंग देतो.

चराशी बसल्यावर अप्पांनी विचारलंच. "ही नळी इंजनाजवळ बसणार का रे? कथील लय नाजूक जात हाय. ताकाला भीत न्हाई, पण आगीला भितंय."

"इंजन आतल्या अंगाला हाय, अप्पा. बंपर भाईर," मी म्हणालो.

यात एकही शब्द खोटा नव्हता. ते "बरं" म्हणाले आणि भाता ओढायची खूण केली. मागचा बंपर पुढच्यापेक्षा सुरेख झाला. त्यावर एकही वळ नव्हता.

येळवशीच्या दिवशी अप्पा धुतलेलं धोतर नेसून, मायला घेऊन बापूच्या काकांच्या शेतात गेले. कडब्याच्या कोपीत पाच पांडवांच्या दगडांची पूजा झाली. आंबिलीच्या मडक्यांवरून ओला फडका काढला, भज्जीचा वास वाऱ्यावर पसरला, बाजरीच्या उंड्यांचा ढीग पंगतीला फिरला. मोठे मोठे ट्रकमालक मांडी घालून बसलेले. काकांनी मोठ्या मनानं अप्पांना त्यांच्याच पंगतीत बसवलं. जेवून सगळे नदीकाठी आले. गाडी वाळूत उभी होती आणि दोन्ही बंपर उन्हात डोळे दिपवत होते. एक ट्रकमालक वाकून हात फिरवत म्हणाला, "हैदराबादला करून आणला का?" बापू म्हणाला, "हितलाच. रुद्राप्पाचा." त्या माणसानं अप्पांकडे वळून म्हटलं, "माझ्या दोन गाड्यांचं बघा की मग." अप्पांनी मान हलवली. माय मागं बायकांत उभी होती. तिनं ऐकलं का, हे पाहायला मी वळलो. तिनं ऐकलं होतं.

बापूनं गाडी सुरू केली. दोन फेऱ्या छान झाल्या, लोक ओरडले. तिसऱ्या फेरीला नदीच्या मधल्या ओल्या पट्ट्याजवळ मागची चाकं रुतली. बापूनं इंजिन रेटलं, तशी ती आणखी खाली गेली. माणसं धावली, पुढून ओढायला लागली, आणि बापू दाबत राहिला. किती वेळ, मला सांगता येणार नाही. मी मागं उभा होतो. आधी बंपरच्या मधोमध चकाकी गेली, दुधी झाली. मग ती हलली. मग त्या दुधी डागातून एक थेंब सुटला, वाळूत पडला, आणि त्याच्यामागं दुसरा. कथील ओघळत होतं आणि खालचं काळंनिळं लोखंड उघडं पडत होतं.

"अरे, बंपर रडायलाय की!" कुणीतरी ओरडलं. मग सगळेच हसले. वाईट मनानं नाही. पोटभर जेवलेली माणसं होती ती. ज्यानं दोन गाड्यांचं विचारलं होतं तोच म्हणाला, "रुद्राप्पा, आमच्या ट्रकला तर मग पार सुतक येईल." पुढचा बंपर तसाच झळकत होता, पण तिकडे कुणी पाहिलं नाही. बापू उतरला, मागं येऊन पाहिलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "काळा रंग देऊन टाकतो."

अप्पा वाळूत उकिडवे बसले. त्यांनी गार झालेला एक थेंब उचलून तळहातावर घेतला. मग उभे राहून ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "चूक माझी हाय, मालक. बसवायच्या आधी मी सोता येऊन बघायला पायजे व्हतं."

मी तिथं होतो. चार माणसांमध्ये होतो, आणि बोललो नाही.

घरी येताना माय पुढं चालत होती. डोक्यावर काकांच्या घरून मिळालेल्या उंड्यांची पाटी. अप्पा आणि मी मागं. आमच्या पायाखालून वाळू संपून रस्त्याचा मुरूम लागला तेव्हा त्यांनी विचारलं, "धुराची नळी तिथं हाय, हे तुला म्हाईत व्हतं का रे?"

"न्हाई अप्पा," मी म्हणालो.

"मंग झालं," ते म्हणाले. "म्हाईत असतं तर तू सांगितलंच असतंस."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मामाला निरोप पाठवला. चर बुजवला, भाता एका गाववाल्या लोहाराला देऊन टाकला, आणि ते गोदामावर गेले. तिथं ते म्हातारे होईपर्यंत होते. मी पदवीधर झालो, मास्तर झालो, सुट्टीत त्यांना भेटायला जायचो. ते फाटकाशी स्टूल टाकून बसलेले असायचे. हमाल, ड्रायव्हर त्यांना त्या बंपरची गोष्ट सांगायला लावायचे. लोखंडाला कल्हई करणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. अप्पाही रंगवून सांगायचे. चर, कबर, पोलीस, रडणारा बंपर. सगळे हसायचे, तेही हसायचे. आणि शेवटी, मी समोर उभा असलो तर माझ्या खांद्यावर हात ठेवून, ते प्रत्येक वेळी म्हणायचे, "ह्यो शिकलेला हाय. खोटं बोलत न्हाई. त्याला म्हाईत असतं तर त्यानं मला सांगितलं असतं."